अठ्ठ्या कधी टाकायच्या

माझा मामा सोफे शिवतो. लाकडी चौकट सुताराची, पण तिच्यावर पट्टे ताणायचे, स्प्रिंगा बांधायच्या, काथ्या भरायचा, वर फोम आणि कापड चढवायचं आणि बसणाऱ्याच्या तोंडून ‘हाऽऽ’ काढायचं, हे मामाचं काम. काम करताना त्याच्या ओठांत चुकांची, म्हणजे बारीक खिळ्यांची, रांग असते. त्या तशाच धरून तो बोलतो, त्यामुळे त्याचं निम्मं बोलणं अंदाजाने समजून घ्यावं लागतं. ‘जन्मभर चुकाच ठोकत आलोय’ हा त्याचा एकुलता एक विनोद. तो प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवला जातो आणि दर वेळी आधी मामाच हसतो.

त्याचं वर्कशॉप एका लांबट खोलीत आहे. पुढे काम, मधे कापडाचे ताके, आणि मागे खुर्च्या. या मागच्या खुर्च्यांचं सांगायला हवं. लोक खुर्ची दुरुस्तीला टाकतात, नवी घेतात आणि जुनीला विसरतात. मामा तिला विसरत नाही. एकीचा हात गेलेला असतो पण पाठ शाबूत असते, दुसरीची बैठक खचलेली असते पण पाय सागवानी असतात. ‘अगदीच वाईट नाहीये गं,’ असं म्हणत त्याने त्या भिंतीपर्यंत रचून ठेवल्या होत्या. मधे एक गोल टेबल मावेल एवढीच जागा उरली होती, आणि त्या टेबलावर दर शनिवारी दुपारी आमचा पोकरचा डाव रंगायचा.

पैसे नाहीत. सोफ्याच्या पाठीवर खोबणीत बसवतात ती कापड चढवलेली बटणं आम्ही लावायचो. चुकलेल्या मापाची, उरलेल्या रंगाची अशी बरणीभर बटणं मामाकडे असतात. सगळ्यांत कमी बटणं उरलेल्याने शेवटी खोली झाडायची. बोलीला मर्यादा होती. सुरुवातीला प्रत्येकाने एक बटण मधे टाकायचं, मग प्रत्येकाच्या हातात दोन पानं. ती बघून एक बोली. मग टेबलावर तीन पानं उघडायची, पुन्हा बोली. मग चौथं, मग पाचवं. पहिल्या दोन बोली एकेका बटणाच्या, शेवटच्या दोन्ही दोन-दोन बटणांच्या. मनात आलं म्हणून सगळा ढीग मधे सरकवून समोरच्याला घाबरवणं या खेळात बसत नाही. त्यामुळे इथे कोणी एका फटक्यात मरत नाही, थोडं थोडं करून मरतो.

आणि थोडं थोडं करून मरण्यात मामाचा हात धरणारा कोणी नव्हता.

वाईट पानं आली तर तो बिनतक्रार टाकायचा. एक्क्यांची किंवा राजांची जोडी आली तर त्याचे कान लाल व्हायचे आणि आम्ही सगळे पटापट पानं टाकून मोकळे व्हायचो. घोटाळा व्हायचा तो मधल्या जोड्यांचा. सत्त्या, अठ्ठ्या, नव्व्या. हातात अठ्ठ्यांची जोडी आली की मामा ती अंगठ्याने अशी धरायचा, जणू कोणी काढूनच घेणार आहे. मग टेबलावर काहीही पडो, समोर कितीही जण वाढवत जावोत, मामा शेवटपर्यंत बटणं टाकत राहायचा. मग आपल्या अठ्ठ्या उलट्या करायचा आणि म्हणायचा, ‘अगदीच वाईट नव्हती पानं.’ मग उठून झाडू घ्यायचा.

टेबलाशी तेव्हा आम्ही चौघं. मामा, मी, शेजारचा किल्लीवाला आणि भूगोलाच्या बाई. मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात काम करते आणि शनिवारी दुपारी मोकळी होते. किल्लीवाला मामाचा शाळेपासूनचा दोस्त. हातात काही नसताना वाढवत सुटणं हा त्याचा स्वभाव. बाई निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण आवाज अजून मागच्या बाकापर्यंत जायचा. त्यांनी आम्हा तिघांनाही कधी ना कधी शिकवलं होतं. त्या महिन्यातून एखाद्या वेळी वाढवायच्या, आणि त्यांनी वाढवलं की त्यांच्याकडे काहीतरी असायचंच.

मामी जाऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली असतील. मामाची मुलगी लग्नानंतर दुसऱ्या शहरात राहते, रोज फोन करते. मामा दुःखी होता असं कोणी म्हणणार नाही. सकाळी काम, दुपारी डुलकी, संध्याकाळी किल्लीवाल्याबरोबर एक फेरी. कसा आहेस विचारलं की म्हणायचा, ‘चाललंय, अगदीच वाईट नाहीये.’

एका शनिवारी डाव वाटून झाला होता आणि दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. पन्नाशीच्या, उंच, केस बारीक कापलेले, हातात जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची, तीही एका हाताने अशी उचललेली जणू पिशवी आहे.

‘बैठक बसलीये,’ त्या म्हणाल्या. ‘घाई नाही. तुमचा डाव होऊ दे.’

मामाने तोंडातल्या चुका हातात घेतल्या. कोणाशी नीट बोलायचं असलं की तो तसं करतो. ‘ठेवा ना. या, बसा.’

त्यांनी भिंतीपर्यंत रचलेल्या खुर्च्यांकडे पाहिलं. ‘यांतली कुठली बसण्यालायक आहे?’

किल्लीवाला इतका हसला की त्याची पानं दिसली. शेवटी त्या आपल्याच खचलेल्या खुर्चीवर बसल्या, आणि पुढचा डाव पाच जणांत वाटला गेला.

बोलता बोलता कळलं की त्या क्रेन चालवतात. नवीन रुग्णालयाच्या बांधकामावर जी उंच पिवळी क्रेन दिसते, तिच्या टोकाच्या काचेच्या डब्यात दिवसभर त्याच असतात. भूगोलाच्या बाई म्हणाल्या, ‘अगंबाई, म्हणजे मी रोज स्वयंपाकघरातून तुलाच बघते की!’ त्या दिवसापासून त्यांचं नाव क्रेनबाई पडलं, आणि त्यांनीही ते मुकाट्याने घेतलं.

त्या दुपारी मामाला अठ्ठ्या आल्या. अंगठा बघूनच मला कळलं. बाईंनी एक बटण लावलं, किल्लीवाला आणि मामा आत आले, मी आणि क्रेनबाईंनी पानं टाकली. टेबलावर उघडले राजा, राणी आणि चौकी. बाईंनी लावलं, किल्लीवाल्याने वाढवलं, मामाने गुपचूप दोन बटणं सरकवली. चौथं पान दुर्री. किल्लीवाल्याने दोन लावली, बाईंनी दिली, मामाने दिली. पाचवं पान गुलाम. पुन्हा तेच. उघडल्यावर बाईंकडे राजांची जोडी, किल्लीवाल्याकडे राण्यांची आणि गुलामांची अशा दोन. ढीग किल्लीवाल्याने ओढला.

‘जोडी होती हो माझ्या हातात,’ मामा क्रेनबाईंना म्हणाला. नवीन माणसाला तरी आपली बाजू पटेल, अशी त्याला आशा असावी.

‘होती ना,’ त्या म्हणाल्या. ‘पण राजा आणि राणी पडल्यावर तिला टेबलावर कोण विचारत होतं?’

पुढे दोन-तीन डावांनंतर टेबलावर एक्का, राजा आणि सत्ती उघडली. बाईंनी लावलं, किल्लीवाल्याने वाढवलं. क्रेनबाईंनी आपली पानं एकदा पाहिली आणि टाकली, तीही उघडी. दोन नव्व्या.

मामा अर्धवट उभाच राहिला. ‘नव्व्या! अहो, नव्व्यांची जोडी टाकता तुम्ही?’

‘हो.’

‘आणि जीवाला काही होत नाही?’

‘चहा मिळाला तर बरं वाटेल,’ क्रेनबाई म्हणाल्या.

चहा मामाने केला. बिस्किटांचा तो डबाही उघडला, जो आमच्यासाठी कधी उघडला जात नसे. किल्लीवाल्याने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या.

पुढच्या शनिवारी खुर्ची तयार होती. क्रेनबाई ती घेऊन गेल्या आणि त्याच्या पुढच्या शनिवारी दुसरी घेऊन आल्या. त्यांच्या घरात जेवणाच्या चार खुर्च्या होत्या. चौथीची बैठक तर मला चांगली टणक वाटली.

डाव संपल्यावर मामा आणि त्या वर्कशॉपच्या पायरीवर बसायचे. मी खोली झाडत असले की मला ऐकू यायचं. मामाला शिकायचं होतं.

‘मला एवढं सांगा, अठ्ठ्या टाकायच्या कधी?’

‘आधी त्या घ्यायच्या कशाला, ते ठरवा,’ क्रेनबाई म्हणाल्या. ‘पाच जण आत असतील आणि एका बटणात तीन पानं बघायला मिळत असतील, तर जरूर बघा. तिसरी अठ्ठी आली तर तुम्ही राजे. पण ती येणार आठ-नऊ डावांत एकदा. नाही आली, वर मोठी पानं पडली, आणि दोघं-तिघं एकमेकांवर वाढवायला लागले, की उठायचं.’

‘आणि पुढच्या पानाला आली तर?’

‘गड्डीत दोनच उरल्यात. एका पानावर त्यांची वाट बघायची म्हणजे तेवीस-चोवीस डावांत एकदा. तेवढ्यात तुमची बरणी रिकामी होईल.’

‘पण टाकल्यावर समजा आलीच?’

‘येईल की कधीतरी. मग?’

मामाने पायरीवर पडलेली एक चूक उचलून खिशात टाकली. मग म्हणाला, ‘मला ना, हातात धरलेली वस्तू अगदीच वाईट नसली की सोडवत नाही.’

‘ते मी आत आल्या आल्याच पाहिलं,’ क्रेनबाई मागच्या खुर्च्यांकडे मान वळवून म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

शिकवणीचा परिणाम झाला, पण उलटा. मामाने एकदम सगळ्याच जोड्या टाकायला सुरुवात केली. अठ्ठ्या टाकल्या, नव्व्या टाकल्या, दश्श्यासुद्धा टाकल्या. टेबलावर एक मोठं पान पडायचा अवकाश, मामा हात झटकून मोकळा, आणि वर आमच्याकडे असा बघायचा की पाहिलंत का किती सुधारलोय. किल्लीवाल्याला हे कळायला एक शनिवार पुरला. त्याने मामाला कापडासारखं कापायला सुरुवात केली.

एका डावात आम्ही तिघींनी सुरुवातीलाच पानं टाकली आणि ते दोघंच उरले. टेबलावर राणी, सत्ती, तिर्री. किल्लीवाल्याने लावलं. मामाने दश्श्या टाकल्या आणि समाधानाने मागे टेकला.

किल्लीवाल्याने आपली पानं उघडून दाखवली. एक्का आणि छक्की. जोडी नाही, काही नाही.

‘अरे चोरा!’ मामा म्हणाला.

‘कुलपं उघडणाऱ्याला चोर म्हणायचं नाही,’ किल्लीवाला बटणं गोळा करत म्हणाला. ‘धंद्याला बट्टा लागतो.’

त्या दिवशी पायरीवर क्रेनबाईंनी मामाला चांगलंच फैलावर घेतलं. ‘मी जोड्या टाकायला सांगितल्या होत्या का? मी बघायला सांगितलं होतं. समोर किती जण होते?’

‘एकच.’

‘कोण?’

‘हा किल्लीवाला.’

‘जो चहाचा कप रिकामा असला तरी वाढवतो. आणि वर मोठं पान एकच पडलेलं. तुम्हाला शेवटपर्यंत बघायला किती लागलं असतं? एक, मग दोन, मग दोन. पाच बटणं. आणि जिंकलात तर बारा. म्हणजे असं तीनदा बघून एकदाच जिंकलात तरी बरणी भरत जाते. इथे बोलीला मर्यादा आहे, त्याचा फायदाच तो आहे. बघणं स्वस्त असतं.’

‘म्हणजे कधी टाकायचं आणि कधी धरायचं, याचा नियम नाहीच?’

‘नियम असता तर मला खाली ठेवून वर नियमाची पाटीच बसवली असती,’ त्या म्हणाल्या. ‘वारा फार असला की क्रेन बंद करायची, हे कोणीही सांगेल. तिथलं यंत्रच शिट्टी मारतं. वारा नसला की चालवायची. डोकं लावायचं ते मधल्या वाऱ्याला. भिंतीचा पत्रा उचलायचा असेल तर थांबायचं, लोखंडाचा गठ्ठा असेल तर चालतं. खाली माणसं कोण आहेत तेही बघायचं. रोज बघायचं.’

मी झाडता झाडता थांबले होते. मामाने वळून पाहिलं. ‘तो कोपरा राहिला,’ मला म्हणाला.

चार खुर्च्या संपल्या आणि आता काय आणणार असा प्रश्न किल्लीवाल्याला आणि मला पडला असताना क्रेनबाईंनी स्वतःच विषय काढला. त्यांची क्रेनमधली सीट. फोम बसून पार पापड झाला होता, दिवस संपला की कंबर धरायची. साइटवरचे लोक म्हणत, नवीन मागवलीये, येईल. ती येत नव्हती.

‘मी करून देतो,’ मामा म्हणाला. ‘पण जागेवर बसलेलं माणूस बघावं लागेल. पाय कुठे येतात, हात कुठे पोचतात. वर येऊन माप घेतो.’

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. ‘वर? अरे, शाळेच्या गच्चीवर नेलं होतं तर तू पाण्याच्या टाकीला मिठी मारून बसला होतास.’

‘तेव्हा मी लहान होतो, बाई.’

साइटला सणाची तीन दिवस सुटी होती, तेव्हा पहिल्या दिवशी वर यायला तिथल्या साहेबांनी परवानगी दिली. मीही गेले. मामाला हेल्मेट दिलं, अंगाला पट्टे बांधले, एक हूक दिला. क्रेनच्या खांबाच्या आतून शिडी जाते, आणि थोड्या थोड्या उंचीवर टेकायला जाळीचा चौथरा असतो. क्रेनबाई पुढे, मामा मागे. मी खालून मान वर करून बघत होते. पहिला चौथरा झाला. दुसरा झाला. मामाने खाली बघून मला हात केला, तो जरा जास्तच जोरात केला. तिसऱ्यानंतर त्याचा वेग कमी झाला. पाचव्यावर तो थांबला.

पुढचं मला नंतर मामानेच सांगितलं. पाचव्या चौथऱ्यावर वारा अंगाला लागायला लागला. फार नव्हता, पण होता. जाळीतून खालची माणसं दिसत होती. वर अजून तेवढंच चढायचं होतं. त्याचे हात शिडीला असे चिकटले होते की बोटं पांढरी पडली होती. क्रेनबाई वरच्या पायरीवरून वळून बघत होत्या. ‘चला’ म्हणाल्या नाहीत, ‘उतरा’ही म्हणाल्या नाहीत.

‘मनात पहिल्यांदा आलं, एवढा आलोच आहे तर आता कसलं परत जायचं,’ मामा मला म्हणाला. ‘मग वाटलं, आलोय ते खरं. पण तिथून पुढे प्रत्येक पायरीला हात जास्त थरथरणार. आणि वर पोचून टेप धरायलाच हात स्थिर नसेल, तर माप काय डोंबल घेणार मी? मग म्हटलं त्यांना, मी उतरतो.’

‘मग काय म्हणाल्या?’

‘बरं, म्हणाल्या. आणि पाण्याची बाटली दिली.’

खाली आला तेव्हा त्याच्या शर्टाची पाठ ओली होती, पण चेहरा पडलेला नव्हता. मी काहीतरी समजूत घालणारं बोलणार होते. तेवढ्यात तोच क्रेनबाईंना म्हणाला, ‘आता असं करू. मी वर येत नाही, तर सीटला खाली आणा.’

दुसऱ्या दिवशी फिटरने सीट सोडवली आणि दोराने खाली सोडली. मामाने ती वर्कशॉपच्या मधोमध, चार विटांवर, बरोबर उंचीला बसवली. क्रेनबाईंना तिच्यावर बसवलं. ‘डावा दांडा कुठे येतो?’ त्यांनी हात पुढे केला, तिथे मामाने एक स्टूल ठेवून त्यावर कापडाचा ताका उभा केला. उजव्याला दुसरा ताका. ‘आता खाली बघा. जसं रोज बघता तसं.’ क्रेनबाई डावीकडे वाकून जमिनीकडे बघायला लागल्या. जमिनीवर मी झाडायला वाकले होते.

‘हिला उचलू का?’ त्यांनी विचारलं.

‘सावकाश,’ मामा म्हणाला. ‘आमची एकच भाची आहे.’

मग मात्र त्याने चुका तोंडात धरल्या आणि तो कामाला लागला. डावीकडे वाकून वाकून सीटची तीच बाजू पूर्ण खचली होती. त्याने डावीकडे घट्ट फोम घातला, उजवीकडे मऊ, कमरेपाशी एक उशीसारखा फुगवटा, आणि मांडीखालची कड इतकी गोल केली की पाय झोपणार नाहीत. तीनदा उसवून तीनदा शिवली. शेवटी वरून काळं रेक्झिन चढवलं. त्यावर एकही सुरकुती नव्हती. सोमवारी सीट वर गेली. दुपारी मामाचा फोन वाजला. मी तेव्हा त्याचा डबा द्यायला आले होते. त्याने फोनचा आवाज मोठा केला.

‘बसलेय,’ क्रेनबाई म्हणाल्या. मागे वाऱ्याचा घूं घूं आवाज येत होता.

‘कसं वाटतंय?’

‘काहीच वाटत नाहीये.’

मामाचा चेहरा उतरला. ‘म्हणजे?’

‘म्हणजे कंबर म्हणून काही असते, हे सकाळपासून विसरलेय.’

फोन ठेवल्यावर मामाने सगळ्या चुका टेबलावर काढून ठेवल्या आणि नुसता बसून राहिला. जेवायचंही विसरला.

नंतरच्या एका शनिवारचा डाव मला पक्का आठवतो. मामाला नव्व्या आल्या. अंगठा आता तसा आवळत नव्हता, त्यामुळे मला उघडल्यावरच कळलं. मी आधीच बाहेर होते, बाकी चौघं आत. टेबलावर गुलाम, छक्की, तिर्री. मामाने स्वतःहून एक बटण लावलं. पूर्वी तो असं कधी करत नसे, दुसऱ्याच्या मागे फरपटत जायचा. क्रेनबाईंनी दिलं. किल्लीवाल्याने पानं टाकली. आणि बाईंनी वाढवलं. मामाने एक बटण आणखी दिलं, क्रेनबाईंनीही दिलं. चौथं पान राणी. मामाने आणि क्रेनबाईंनी काही लावलं नाही. बाईंनी दोन बटणं उचलली आणि पाटीवर खडू ठेवावा तशी मधे ठेवली.

मामाने राणीकडे पाहिलं, गुलामाकडे पाहिलं. बाईंकडे पाहिलं. आपल्यानंतर जिची बोली अजून व्हायची होती, त्या क्रेनबाईंकडे पाहिलं. मधला ढीग बारीकसारीक नव्हता, मोह होण्याजोगा होता. मग त्याने दोन नव्व्या उघड्या करून हळूच पुढे सरकवल्या.

क्रेनबाईंनीही टाकली. बाईंनी ढीग ओढला आणि आपली दोन पानं गड्डीत मिसळून टाकली.

‘बाई, दाखवा ना,’ किल्लीवाला कळवळून म्हणाला. ‘एकदा तरी दाखवा. होतं का काही?’

‘उत्तरपत्रिका मी घरी नेत असे,’ बाई म्हणाल्या. ‘वर्गात दाखवत नसे.’

‘अरे, तुला बघावंसं नाही वाटत?’ किल्लीवाल्याने मामाला विचारलं. ‘कदाचित तुझ्याच नव्व्या मोठ्या असतील!’

‘असतील,’ मामा म्हणाला. ‘पिस पानं.’

त्या दिवशी झाडू किल्लीवाल्याच्या हातात आला. त्याने इतकं वाईट झाडलं की मामाला पुन्हा झाडावं लागलं, पण ते मामाने शीळ वाजवत झाडलं.

लग्नाचं कोणी कोणाला विचारलं, यावर अजून वाद आहे. मामा म्हणतो, तिने विचारलं. क्रेनबाई म्हणतात, मी फक्त म्हटलं होतं की माझ्या घराचा करार संपतोय आणि तुमच्या घरात एक खोली नुसत्या काथ्याने भरलेली आहे. मामाने त्याच आठवड्यात काथ्या हलवला. आणि मागच्या खुर्च्याही. वाचनालयवाल्यांना खुर्च्या हव्याच होत्या. नीट करता येतील तेवढ्या त्याने करून दिल्या आणि उरलेल्यांचं लाकूड सुताराला दिलं. मागे एक खिडकी होती, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मुलीला सांगायचं मात्र त्याला अवघड वाटत होतं. शेवटी मीच फोन लावून त्याच्या हातात दिला. तो घसा खाकरत, आडवळणं घेत, सीटची गोष्ट सुरुवातीपासून सांगायला लागला. पलीकडून ती म्हणाली, ‘बाबा, त्या क्रेनवाल्या ना? मला काकांनी कधीच सांगितलंय.’ काका म्हणजे किल्लीवाला. ‘तारीख सांगा, मी रजा टाकते.’

नोंदणीच्या कचेरीत आम्ही सहा जण होतो. मुलगी आदल्या दिवशीच आली होती आणि तिचं क्रेनबाईंशी लगेच जमलं, मुख्यतः मामाच्या घोरण्यावरून. मी क्रेनबाईंना विचारलं, आता तुम्हाला मामी म्हणायचं ना? त्या म्हणाल्या, ‘म्हण की. पण वरून हाक मारलीस तर क्रेनबाईच म्हण, नाहीतर मी ओ देणार नाही.’

परवा मी गेले तेव्हा ते दोघं एक लांबलचक सोफा वर्कशॉपच्या दारातून बाहेर काढत होते. गिऱ्हाइकाचा टेंपो रस्त्यावर उभा होता. सोफ्याच्या आतल्या टोकाला मामा, घामाघूम, पुढचं काही दिसत नसलेला. बाहेरून मामी, एका हाताने सोफा पेलून दुसऱ्या हाताने खुणा करत होती. मूठ बंद, बोट वर, तळवा आडवा फिरवून, बांधकामावर करतात तशा.

‘अगं, तोंडाने सांग ना!’ मामा ओरडला. ‘मला हात दिसत नाहीयेत तुझे!’

‘मग मान बाहेर काढा!’

‘मान काढली तर सोफा कोण धरणार?’

टेंपोवाला हसायला लागला. मी धावत जाऊन मधे उभी राहिले आणि तिच्या खुणा बघून आत सांगायला लागले, ‘डावीकडे, मामा. अजून जरा. थांब. आता वर. वर. हां, सोड.’

सोफा चौकटीला न घासता बाहेर आला. मामा पायरीवर टेकला, मामी सोफ्यावर, आणि टेंपोवाल्याला घाई नसल्याने तोही तिच्या शेजारी बसला. बसल्या बसल्या त्याच्या तोंडून निघालं, ‘हाऽऽ.’